शेल्टरमधून घरी आल्यावर: एक कुत्री, एक मांजरीचं पिल्लू आणि दवाखान्याचे पाच महिने

शेल्टरच्या कार्डावर 'व्हॅक्सिनेटेड' असा शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो. चिंगीच्या कार्डावरही तो होता. त्याचा अर्थ 'रेबीजची एक लस दिली आहे' एवढाच होता, हे कार्ड उलटसुलट करून पाहिल्यावर कळलं. आपल्याकडे रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांची नसबंदी होते तेव्हा रेबीजची लस टोचतात आणि कानाला खाच पाडतात. पार्व्हो, डिस्टेंपर, हेपॅटायटिस आणि लेप्टो या संसर्गजन्य आजारांची लस त्या कार्यक्रमात नसते. ती दिली की नाही हे वेगळं विचारावं लागतं. चिंगीला ती दिलेली नव्हती.

आमचा सगळा प्रवास मुंबईतला आणि २०२४ सालचा. चिंगी अंदाजे दोन वर्षांची, १४ किलोची गावठी कुत्री. ती जूनमध्ये आली. ऑगस्टमध्ये मिरी आली, मांजरीचं दहा आठवड्यांचं पिल्लू. दोघींच्या दवाखान्याचा क्रम अगदी वेगळा निघाला, म्हणून दोन्ही सविस्तर लिहिते आहे.

२ जूनला, रविवारी, शेल्टरमध्ये पहिली भेट झाली. फॉर्म, आधार कार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा, घर भाड्याचं असेल तर मालकाचं संमतीपत्र, एवढे कागद लागतात. आठवड्याभराने त्यांचा माणूस घर बघून गेला. खिडक्यांच्या जाळ्या, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर आणि दिवसभर घरात कोण असतं हे त्याने विचारलं. या मधल्या आठवड्यात शेल्टरला फोन करून पुढची माहिती लिहून घ्यावी: प्राणी कधी दाखल झाला, का दाखल झाला, त्या पिंजऱ्यात सोबत कोण होतं आणि त्यांच्यापैकी कुणी महिन्याभरात आजारी पडलं का, जंताचं औषध कधी आणि किती वजनाला दिलं, कधी झटका आला होता का, आणि रोज नेमकं काय खायला मिळतं. झटक्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गोचिडांवरच्या हल्लीच्या गोळ्या झटके येणाऱ्या कुत्र्याला जपून द्याव्या लागतात. घरी नेल्यावर आजार निघाला तर पहिले किती दिवस शेल्टरचा डॉक्टर बघेल, औषधांचा खर्च कोण करेल, हेही तेव्हाच विचारावं. अनेक शेल्टर पहिल्या काही दिवसांची तपासणी स्वतःकडे करून देतात, पण विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही.

कार्ड वाचण्याची एक साधी रीत आहे. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर कार्डावर चिकटवलेला हवा. त्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसतं पेनने 'नाइन इन वन' (अनेक आजारांवरची एकत्र लस) लिहिलेलं असेल आणि स्टिकर नसेल, तर ती लस झालीच नाही असं धरून डॉक्टर पुन्हा सुरुवात करतात. लस दोनदा पडण्यापेक्षा न पडणं जास्त धोक्याचं असतं. चिंगीच्या कार्डावर ११ मार्चच्या रेबीजचा स्टिकर होता, नसबंदीची नोंद होती आणि 'डीवर्मिंग, २० मे' अशी एक ओळ. बाकी पानं कोरी.

१६ जूनला तिला आणलं. गाडीत उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी तीन तास खायला दिलं नव्हतं. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या. हे जास्तीचं वाटेल, पण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून मान काढतं आणि अनोळखी भागात पळतं. असं हरवलेलं कुत्रं हाकेला येत नाही, कारण नवं नाव त्याला अजून माहीतच नसतं.

पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. अंगाला वास येत असला तरी थांबावं. ताण, नवी जागा, नवी माणसं, त्यात पाणी म्हणजे फार होतं, शिवाय डॉक्टरांना कातडी आहे तशी बघता येत नाही. खाणंही तेच ठेवायचं. शेल्टरमध्ये तिला चिकन-भात मिळायचा, आम्हीही आठवडाभर तोच दिला आणि मग दर दोन दिवसांनी पाव भाग नवं अन्न वाढवत गेलो. दूध देऊ नये, मोठ्या कुत्र्यांना त्याने बऱ्याचदा जुलाब होतात.

घरच्या घरी चार गोष्टी मोजून वहीत लिहिल्या. वजन: तिला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. ते १४.२ किलो भरलं. ताप: गुदद्वारातून डिजिटल थर्मामीटरने. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या ९८.६ शी तुलना करून घाबरू नये. हिरड्या: गुलाबी हव्यात आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. झोपेतला श्वास: मिनिटाला ३० च्या आत. चिंगीच्या हिरड्या फिक्या होत्या. तिच्या बोटांमध्ये आणि कानाच्या आत मिळून तीन गोचिडं सापडली. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. गोचीड बोटांनी चिरडू नये, तेल किंवा पेटती काडी लावू नये. त्याने ती आणखी लाळ सोडते आणि आजार त्या लाळेतूनच जातो.

डॉक्टरांची वेळ १८ जूनची मिळाली. ताजी शी स्वच्छ डबीत घालून दोन तासांच्या आत नेली. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवावी, पण फ्रीजरमध्ये नाही. दवाखान्यात ताप १०३.१ भरला. भीतीनेही थोडा चढतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा घेतला, तो तेवढाच. डॉक्टरांनी रक्ताची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून केलेली तपासणी) आणि गोचीडतापाचं किट सांगितलं. शरीराच्या मागच्या भागाची आणि नाकाचीही तपासणी केली. रस्त्यावरच्या प्रौढ कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाची संसर्गजन्य गाठ आढळते. ती जननेंद्रियावर, कधी नाकातही येते. रक्त गळत असेल तर ती 'पाळी' म्हणून सोडून देऊ नये. नसबंदी झालेल्या कुत्रीला पाळी येतच नाही. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्यातून एकदा दिलेल्या काही इंजेक्शनांनी ही गाठ बहुधा पूर्ण बरी होते. चिंगीला ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी निकाल आले. हिमोग्लोबिन ९.८, कुत्र्यात ते १२ च्या वर हवं. प्लेटलेट्स १ लाख १० हजार, हव्यात २ लाखांच्या वर. किटवर एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा एक जंतू, पॉझिटिव्ह. शी तपासली तर हूकवर्म या आतड्यातल्या जंताची अंडी. त्या दिवशी घरात सगळ्यांची तोंडं उतरली. शेल्टरने फसवलं असं वाटणं साहजिक आहे, पण ते बहुतेक वेळा खरं नसतं. गोचीड चावल्यापासून एर्लिकिया दिसायला ८ ते २० दिवस लागतात आणि कित्येक कुत्रे महिनोन्महिने वरून ठणठणीत दिसत आतून तो वागवतात. शेल्टरमध्ये शंभर कुत्र्यांत शेपूट हलवणारं कुत्रं निरोगी म्हणूनच गणलं जातं. उलट, पहिल्याच आठवड्यात किट निगेटिव्ह आलं तरी खात्री धरू नये, नुकतीच लागण असेल तर किट शोधतं ती प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार झालेली नसतात. थकवा किंवा ताप दिसला तर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. आणि नुसतं किट पॉझिटिव्ह म्हणजे आजचा आजार असंही नाही, कधीतरी लागण झाली होती एवढंच ते सांगतं. चिंगीच्या बाबतीत प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन आणि ताप तिन्ही जुळत होते, म्हणून उपचार सुरू झाले. स्मिअरमध्ये बबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा रक्तातला दुसरा परजीवी, दिसला नाही. त्याची औषधं वेगळी असतात, त्यामुळे 'गोचीडतापाचं इंजेक्शन' तपासणीशिवाय मागून घेऊ नये.

औषध होतं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, किलोला १० मिलिग्रॅम रोज. चिंगीला १०० ची गोळी सकाळी एक आणि संध्याकाळी अर्धी, २८ दिवस, एकूण ४२ गोळ्या. दोन गोष्टी इथे चुकतात. पहिली, गोळी रिकाम्या पोटी दिली जाते आणि कुत्रं ओकतं. जेवणाच्या मधोमध द्यावी आणि वरून पाणी पाजावं, गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. दुसरी, सोबत लिहून दिलेलं लोहाचं टॉनिक, कॅल्शियम किंवा दही त्याच वेळी दिलं जातं. ते डॉक्सीला बांधून ठेवतात आणि औषध अंगी लागत नाही. दोन्हींत किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. चौथ्या दिवशी चिंगी घरभर धावायला लागली. बहुतेक कोर्स इथेच सुटतात. पण जंतू पूर्ण गेलेले नसतात, उरलेले प्लीहेत दडून राहू शकतात, म्हणून २८ म्हणजे २८.

हूकवर्म रक्त पितो, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असण्यात त्याचाही वाटा होता. २० मे रोजी दिलेलं औषध मग का लागू पडलं नाही? शेल्टरमध्ये विचारलं तर एक गोळी दिली होती. ती १० किलोची मात्रा असते. १४ किलोच्या कुत्र्याला दीड लागते. शिवाय हूकवर्मच्या अळ्या शरीरात फिरत असतात, त्यांच्यावर या गोळीचा परिणाम होत नाही. त्या नंतर आतड्यात उतरतात. म्हणून २० जूनला दीड गोळी आणि तीन आठवड्यांनी, ११ जुलैला, पुन्हा दीड. शी रोज उचलणं हासुद्धा उपचाराचा भाग आहे. त्याच अळ्या मातीतून माणसाच्या तळपायात शिरतात आणि नागमोडी खाजरी रेघ उठते.

गोचिडांसाठी १९ जूनला फ्लुरालॅनरची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिली, १० ते २० किलोच्या गटातली. पोटभर जेवणासोबत द्यायची, तिचा परिणाम १२ आठवडे टिकतो. पण गोळी दिलेल्या कुत्र्यालाही गोचीड चावतेच, चावल्यावर मग मरते. त्यामुळे घराची साफसफाई टळत नाही. गोचिडाची मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, पडद्याच्या शिवणीत अंडी घालते, तीही हजारोंनी. आठवड्यातून दोनदा फटींमधून व्हॅक्यूम फिरवला, पिशवी लगेच बाहेर टाकली आणि तिची गादी कडक गरम पाण्यात धुतली. सुरुवातीला भिंतीवर चढणारी पिल्लं दिसत होती, ती जुलैच्या मध्यापर्यंत थांबली. फवारणी न करता गोळी निवडण्यामागे एक कारण होतं: घरात पुढे मांजर येणार होतं. कुत्र्यांच्या फवाऱ्यांत आणि मानेवर टाकायच्या थेंबांत बऱ्याचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजरीला मारू शकतं. कुत्र्याच्या अंगाला नुसतं घासूनही मांजरीला विषबाधा होते. घरात दोन्ही असतील तर दुकानातून कोणताही फवारा आणण्याआधी लेबल वाचलंच पाहिजे.

पाचव्या दिवशी शी पातळ झाली, वर जेलीसारखा चिकट थर. ती खात होती, खेळत होती, म्हणून एक दिवस वाट पाहिली. लाल भोपळा उकडून भातात घातला आणि ते थांबलं. ताणाने असं होतं. उलटी आणि रक्ताची शी एकत्र दिसली असती, किंवा तिने खाणं सोडलं असतं, तर मात्र सकाळची वाट पाहायची नव्हती. लस न झालेल्या कुत्र्यात तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात काही तासांनीही फरक पडतो. म्हणून रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवावा.

आता पार्व्हो-लेप्टोच्या राहिलेल्या लसीचं. डॉक्टर म्हणाले, ताप उतरू दे आणि प्लेटलेट्स वर येऊ दे, मग देऊ. हे थांबणं सगळ्यात अवघड गेलं, कारण पाऊस सुरू झाला होता. मुंबईत पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो आणि साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो, माणसालाही. तोवर तिला डबक्यांपासून दूर ठेवलं, फिरणं सोसायटीच्या कोरड्या कठड्यापुरतं, बाहेरून आल्यावर पाय साबणाने धुवून पुसायचे. २ जुलैला प्लेटलेट्स २ लाख १० हजार झाल्या, ताप नव्हता. त्या दिवशी पहिला डोस दिला, दुसरा तीन आठवड्यांनी २३ जुलैला. प्रौढ कुत्र्यात पार्व्हो आणि डिस्टेंपरसाठी एक डोसही बहुधा पुरतो, पण लेप्टोला दोन लागतात आणि दरवर्षी एक. लस दवाखान्यातच घ्यावी. मेडिकलमधून स्वस्त मिळते, पण ती २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि रिक्षातून उन्हात आणलेल्या लसीचा भरवसा नसतो. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी, स्टिकर लगेच लावून घ्यावा आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावं. तोंड सुजलं किंवा उलट्या झाल्या तर डॉक्टर समोर असतात.

मधे एकदा बोटांमधली गोचीड काढताना तिचा दात हाताला लागला, थोडं रक्त आलं. असं झालं की आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जायचं, तिथे रेबीजची लस मोफत मिळते: त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात. कुत्र्याचं कार्ड सोबत न्यावं, पण 'घरचीच आहे, लस झालेली आहे' म्हणून जाणं टाळू नये. शेल्टरमध्ये येण्याआधी तिचं काय झालं होतं हे कुणालाच माहीत नसतं, आणि रेबीज झाला की त्यावर इलाज नाही.

महापालिकेचा परवाना जुलैअखेरीस काढला. अर्ज ऑनलाइन होतो, लागतं ते रेबीजचं प्रमाणपत्र, आपल्या ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो. लसीच्या कार्डाचा फोटो अस्पष्ट असल्याने आमचा अर्ज एकदा परत आला. स्टिकर आणि सही एकाच चौकटीत, सावली न पडता दिसली पाहिजे. सोसायटीत कुणी लिफ्टबद्दल बोललं तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवता येतात. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आम्ही परवान्याची आणि लसीची प्रत स्वतःहून सेक्रेटरींकडे दिली, पुढे विषय निघाला नाही.

चिंगीचा पाच आठवड्यांचा खर्च: चार भेटींची तपासणी १८००, तीन सीबीसी १६५०, किट २२००, शी तपासणी ३००, डॉक्सी ३४०, गोचिडांची गोळी २४५०, जंताच्या गोळ्या २२५, दोन लसी १९००. एकूण १०,८६५ रुपये. खासगी दवाखान्याचे हे दर. परवडत नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, १८८३ पासूनचं, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. खासगीपेक्षा तिथे बराच कमी खर्च येतो. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर जावं आणि जुने रिपोर्ट फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावून न्यावे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय त्याच वर्षी जुलैत सुरू झालं, मोठ्या तपासण्यांसाठी आता तोही पर्याय आहे.

१७ ऑगस्टला मिरी आली. ९६० ग्रॅम. तिच्यासाठी एक खोली १४ दिवस वेगळी ठेवली: स्वतःची भांडी, स्वतःचा लिटर बॉक्स (शी-शूसाठी खड्यांचा ट्रे), आत जाताना वेगळी चप्पल, बाहेर येताना हात धुणं. चिंगीला लांब ठेवणं हे यातलं छोटं कारण. मोठं कारण असं की मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा विषाणूजन्य आजार दोन ते दहा दिवसांत बाहेर पडतो आणि त्याचा विषाणू फरशीवर वर्षभरही टिकतो. फरशी पुसायला घरात नेहमीचं फिनाइल होतं, ते काढून टाकलं. फिनॉल मांजरीच्या यकृताला झेपत नाही आणि ती पंजे चाटते. त्याऐवजी आधी साबणाने फरशी स्वच्छ करायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून साध्या पाण्याने पुसायचं. घाणीवर ब्लीच चालत नाही, म्हणून साबण आधी.

चिंगीच्या वेळी थांबलो होतो, इथे डॉक्टरांनी थांबू दिलं नाही. पिल्लू तापाशिवाय, खाणारं असेल तर लस पहिल्याच भेटीत. १९ ऑगस्टला ट्रायकॅट या मांजरांच्या एकत्रित लसीचा पहिला डोस, ९ सप्टेंबरला दुसरा, ३० सप्टेंबरला तिसरा आणि त्याच दिवशी रेबीज. तिसरा डोस बरेच जण गाळतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात असतात तोवर ती लसीलाच निकामी करतात. ती कधी संपतील हे पिल्लागणिक बदलतं, म्हणून शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या वयानंतर पडायलाच हवा. मिरी त्या दिवशी १६ आठवडे पूर्ण करून दोन दिवस झाली होती. कुत्र्याच्या पिल्लांनाही हेच लागू आहे.

एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजारांचं किट निगेटिव्ह आलं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर धीर सोडू नये, ती प्रतिपिंडं आईची असू शकतात, नंतर पुन्हा तपासतात.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिला डब्यात बसवून वजन घेत होतो. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवेत. चौथ्या दिवशी शिंका सुरू झाल्या, डोळ्यांना चिकट पाणी, आणि दोन दिवस काटा हललाच नाही. मांजर जेवण वासावरून ओळखतं, नाक बंद झालं की ते खात नाही. चिकन कोमट करून दिलं, आंघोळीचं गरम पाणी सोडून वाफ झालेल्या बाथरूममध्ये दहा-दहा मिनिटं तिला घेऊन बसलो, डोळ्यांत डॉक्टरांनी दिलेले थेंब. सहाव्या दिवशी १८ ग्रॅम वाढले. त्या आकड्याने किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. एवढंसं पिल्लू २४ तास खात नसेल तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा, आणि मोठं मांजरही दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजरीला अर्धी गोळीही मारते.

कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण होती, म्हणजे कानातले माइट्स, बारीक किडे. ते कुत्र्यालाही लागतात, त्यामुळे चिंगीचेही कान तपासून घेतले. मिरीच्या मानेवर मांजरांसाठीचे थेंब टाकले आणि प्रश्न मिटला.

९ सप्टेंबरचा डोस गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आला. ढोलांच्या आवाजात पिल्लाला नेताना पिंजऱ्यावर जाड चादर घातली आणि रस्ता रिकामा असतो म्हणून सकाळी साडेनऊची वेळ घेतली. घरी येणाऱ्यांना एकच विनंती होती: प्रसाद खाली ठेवू नका. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नसतो. ११ तारखेला चिंगीची गोचिडांची पुढची गोळी होती, सणाच्या गडबडीत ती विसरू नये म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावली होती.

मिरीची नसबंदी १६ नोव्हेंबरला झाली, वय पाच महिने. मांजर चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकतं, म्हणून सहा महिने पूर्ण होण्याची वाट पाहू नये. मोठ्या जनावरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, पिल्लाची साखर पटकन उतरते. आम्हाला फक्त चार तास आधी खाणं बंद करायला सांगितलं होतं, पाणी चालू. घरी आल्यावर दहा दिवस गळ्यात कॉलर, उड्या बंद, लिटरमध्ये खड्यांऐवजी कागदाचे तुकडे, म्हणजे टाक्यांत कण जात नाहीत. तिचा खर्च: तपासणी ६००, किट १९००, तीन ट्रायकॅट ३०००, रेबीज ३५०, डोळ्यांची औषधं ४२०, जंताचं औषध १२०, मानेवरचे थेंब ६५०, शस्त्रक्रिया ४५००. मिळून ११,५४० रुपये.

दत्तक घेताना शेल्टरला हमीपत्र लिहून दिलं होतं की नसबंदी करून प्रमाणपत्र पाठवू. टाके २६ नोव्हेंबरला निघाले. दोन दिवसांनी ते प्रमाणपत्र, मिरीच्या तिन्ही लसींचे स्टिकर आणि चिंगीचे जूनपासूनचे रक्ताचे रिपोर्ट शेल्टरला पाठवले. चिंगीच्या पिंजऱ्यात तेव्हा सोबत असलेल्या दोन कुत्र्या अजून तिथेच होत्या. हे रिपोर्ट बघून शेल्टरच्या डॉक्टरांनी त्या दोघींच्याही प्लेटलेट्स तपासायला घेतल्या.